मामाचे कार्ड, भाचीचे पुस्तक



गेल्या महिन्यातील गोष्ट. रविवारची बुद्धवंदना आटोपली होती. सतरंज्या गुंडाळून आम्ही विहाराबाहेर पडण्याच्या बेतात होतो. तोच वस्तीतील एक भगिनी आपल्या मुलीला घेऊन समोर उभ्या राहिल्या. या ताई चार घरची धुणीभांडी करतात. मुलगी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय समाजशास्त्र. प्राध्यापक होण्यासाठी जी नेट परीक्षा द्यावी लागते, तिची तयारी चालू आहे. त्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच.

"दादा, जरा हे बघा," म्हणत ताईंनी मुलीचा मोबाईल आमच्यापुढे धरला. "माझ्या भावानं अमेरिकेतून पोरीला पुस्तकांसाठी पैसे पाठवलेत. पन्नास डॉलर. आपले चार हजारांच्या वर होतात म्हणे. दोन दिवस झाले, ही नुसती खटपट करतेय. पैसे काही निघत नाहीत. हिला जमत नाही, का माझ्या भावाला कुणी फसवलं?"

मुलगी खाली मान घालून म्हणाली, "काका, नंबर बरोबर टाकलाय. एकेक अक्षर तपासून टाकलाय. तरी दुकान म्हणतं, हे कार्ड इथं चालत नाही."

आम्ही ते कार्ड वाचले. वर मोठ्या अक्षरात शुभेच्छा होत्या आणि रक्कम होती. खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात एक ओळ होती. हे कार्ड फक्त अमेरिकेतील दुकानात चालेल, असा तिचा अर्थ. म्हणजे मुलगी चुकली नव्हती आणि मामालाही कोणी फसवले नव्हते. मामाने प्रेमाने पाठवले, भाचीने आशेने उघडले आणि मधे देशाची सीमा आडवी आली. पण तोवर त्या घरात दोन दिवस मायलेकींचे बोलणे बंद होते. एवढे शिकून साधा नंबर टाकता येत नाही, असे आई बोलून गेली होती आणि ते मुलीच्या फार मनाला लागले होते.

हे एका घरापुरते असते तर आम्ही स्तंभात लिहिले नसते. परंतु आज आपल्या समाजाची मुले अमेरिकेत, इंग्लंडात, आखातात, जपानात नोकरीला आहेत. त्यांना आपल्या वस्तीचा विसर पडलेला नाही. भाऊबीज-राखीच्या भेटी बाजूला ठेवून ती पुस्तकांसाठी पैसे पाठवतात, ही अभिमानाची गोष्ट आहे. त्यांचा पैसा अडकू नये आणि इथल्या मुलीचा वेळही वाया जाऊ नये, म्हणून हा विषय घेतला.

प्रथम गिफ्ट कार्ड म्हणजे काय ते पाहू. आम्ही वाणिज्य शाखेचे, रोज खतावणीत डोके घालून बसणारे, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतो. गिफ्ट कार्ड म्हणजे रोकड नव्हे. दुकानदाराकडे आगाऊ जमा केलेल्या रकमेची ती पावती आहे. आपण माल उचलेपर्यंत ती रक्कम दुकानदाराच्या वहीत 'देणे' म्हणून उभी असते. आता ज्या वहीत ती रक्कम जमा आहे, त्याच वहीतून ती वळती होणार. या मोठ्या कंपन्यांची पाटी जगभर एकच दिसते, पण अमेरिकेची वही वेगळी, भारताची वेगळी, इंग्लंडची वेगळी. चलन वेगळे, कर वेगळा, कायदाही वेगळा.

आपल्या बायाबापड्यांना रेशनकार्डाचे उदाहरण लगेच पटेल. पूर्वी कार्ड ज्या दुकानाला जोडलेले असे, तेथेच धान्य मिळे. पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात तोच गहू, तोच तांदूळ असला तरी तो दुकानदार हात हलवून परत पाठवी. आता 'एक देश, एक रेशनकार्ड' योजनेमुळे दुसऱ्या गावीही धान्य उचलता येते. गिफ्ट कार्डाच्या बाबतीत अशी सोय देशादेशांमध्ये झालेली नाही. ॲमेझॉनच्या अमेरिकेतील दुकानाचे कार्ड तेथेच चालते, भारतातील दुकानाचे इथेच चालते. गुगल प्लेचे कार्डही ज्या देशाचे, त्याच देशाच्या खात्यावर भरता येते. गुगलवर देश बदलायचा तर तो वर्षातून एकदाच बदलता येतो आणि जुन्या देशातील शिल्लक नव्या देशात वापरता येत नाही. आमच्यापुढे आलेले कार्ड कोणत्या दुकानाचे होते, हे सांगण्याचे कारण नाही. थोड्याफार फरकाने नियम सगळीकडे हाच.

मुलीचा पुढचा प्रश्न मात्र अधिक खोल होता. ती म्हणाली, "काका, कार्डाचं समजलं. पण माझ्या यादीतलं एक पुस्तक मामाच्या मोबाईलवर दिसतं, माझ्या मोबाईलवर दिसतच नाही. पुस्तकाला काय व्हिसा लागतो का?"

लागतो, असेच म्हणावे लागेल. लेखक पुस्तक लिहितो तेव्हा ते छापण्या-विकण्याचा हक्क त्याच्याकडे असतो. हा हक्क प्रकाशकाला देताना करारात प्रदेश लिहिलेला असतो. अमेरिकेचा हक्क एकाला, इंग्लंडचा दुसऱ्याला, भारतीय उपखंडाचा तिसऱ्याला. इंग्रजी पुस्तकांच्या पानावर 'फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी' असे छापलेले आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. कागदी पुस्तक बॅगेत घालून कोणीही नेऊ शकतो. ई-पुस्तकाचे दुकान मात्र गिऱ्हाइकाचा पत्ता विचारते आणि त्या देशाचा हक्क नसेल तर पुस्तक दाखवतच नाही.

घरचेच उदाहरण घ्या. परमपूज्य बाबासाहेबांचे 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' हे भाषण १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या अधिवेशनासाठी तयार झाले. मंडळाला मजकूर पेलवला नाही, अधिवेशनच रद्द झाले. बाबासाहेबांनी ते स्वतः छापले. दीड हजार प्रती काढल्या, किंमत आठ आणे. त्या दोन महिन्यांत संपल्या आणि लगोलग गुजराती व तमिळ भाषांतरे निघाली. पुढे २०१४ साली याच ग्रंथाची विस्तृत टिपांसह आणि अरुंधती रॉय यांच्या प्रस्तावनेसह आवृत्ती निघाली. ती भारतात नवयान या प्रकाशनसंस्थेने काढली आणि परदेशात व्हर्सो या संस्थेने. ग्रंथ एक, आवृत्ती एक, पण प्रकाशक दोन आणि बाजारपेठा दोन. हक्कांची वाटणी म्हणतात ती हीच.

या वाटणीत सगळेच वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. इथल्या प्रकाशकाला वेगळा हक्क मिळतो म्हणून अनेक इंग्रजी पुस्तकांची स्वस्त भारतीय आवृत्ती निघते. डॉलरची किंमत जशीच्या तशी रुपयांत मोजावी लागली असती, तर आपल्या मुलांनी ती पुस्तके काचेतूनच पाहिली असती. शिवाय आपल्या समाजातील लेखक-कवींनाही मानधन मिळते ते याच हक्कापोटी. परंतु जिथे भारताचा हक्क कोणी घेतलेलाच नाही, तिथे आपली मुलगी पैसे हातात घेऊन उभी राहते आणि दार बंद असते. पैसे देऊनही पुस्तक मिळू नये, हे आम्हाला खटकते आणि ते आम्ही स्पष्टपणे नोंदवतो. ज्ञानाच्या दारावर उभे ठेवणे काय असते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको.

मग वाट काय? मुलीच्या मैत्रिणीने तिला एक वाट सुचवली होती. खात्यावर मामाचा अमेरिकेतला पत्ता घाल, देश अमेरिका निवड, कार्डही चालेल आणि पुस्तकही दिसेल. मुलीने आम्हाला विचारले, "काका, असं केलं तर चालेल का?"

आम्ही क्षणभर थांबलो. कारण मुलगी चोरी करायला निघाली नव्हती, पैसे देऊनच पुस्तक घेणार होती. तरीही आम्ही नको म्हणालो. त्याची दोन कारणे. पहिले व्यवहाराचे. आपण राहतो एका देशात आणि लिहितो दुसरा, हे दुकानाच्या ध्यानात आले तर खाते बंद होण्याची जोखीम आहे. त्या खात्यावर आधी घेतलेली पुस्तके आणि उरलेली शिल्लक दोन्ही अडकतात. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागण्यात काय अर्थ? दुसरे कारण शीलाचे. दर रविवारी आपण पंचशील घेतो, त्यात चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे. ते फक्त तोंडाने बोलण्यापुरते नाही, अर्जातल्या रकान्यालाही ते लागू आहे. जी मुलगी उद्या प्राध्यापक होऊन वर्गावर उभी राहणार, तिने पहिले पुस्तक खोट्या पत्त्यावर घेऊ नये, असे आम्हाला वाटले. मुलीला ते पटले. पटले नसते तरी आम्ही रागावलो नसतो, कारण तिची तळमळ खरी होती.

आता एक गोष्ट, जी विकत घेण्याआधीच प्रत्येकाने समजून घ्यावी. ई-पुस्तक आपण विकत घेतो म्हणजे बहुतेक दुकानांत वाचण्याची परवानगी घेतो. कागदी पुस्तकाची मालकी मिळते, तशी ती नसते. २००९ सालच्या जुलै महिन्यात ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांची दोन पुस्तके गिऱ्हाइकांच्या किंडल यंत्रांवरून परस्पर काढून टाकली होती. विकणाऱ्याकडे हक्कच नव्हता, असे कारण होते. पैसे परत दिले, नंतर कंपनीच्या प्रमुखांनी माफीही मागितली, पण वाचकाच्या हातातले पुस्तक गेले ते गेले. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकानच बंद केले. तेव्हाही पैसे परत मिळाले आणि घेतलेली पुस्तके नाहीशी झाली.

आपल्या घरात एक पुस्तक पाच हातांतून जाते. ताईचे पुस्तक भावाला, भावाचे चुलत बहिणीला आणि मग विहाराच्या कपाटात. ई-पुस्तक असे हातोहात देता येत नाही. म्हणून जे पुस्तक जन्मभर लागणार, ते जमेल तर कागदावर घ्यावे. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ज्याची छापील आवृत्ती आहे अशा ई-पुस्तकावरचा कर २०१८ साली १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला गेला. याचा अर्थ ई-पुस्तक टाकाऊ आहे असा नाही. लोकलमध्ये उभ्याने, रात्री दिवा न लावता, लहान खोलीत दुसऱ्यांची झोप न मोडता वाचायला त्यासारखी सोय नाही. फक्त काय कशावर घ्यावे, याचा विचार हवा.

यानंतर आम्ही मुलीची यादी मागितली. पाच पुस्तके होती. त्यातली दोन बाबासाहेबांची! आम्ही म्हणालो, "बेटा, ही दोन तर विकत घेण्याची गरजच नाही. ही तुझीच आहेत."

हे सर्वांनी ध्यानात ठेवावे. आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी ग्रंथ सर्वांचा होतो आणि ही साठ वर्षे पुढच्या वर्षाच्या आरंभापासून मोजतात. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले. म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांची मुदत ३१ डिसेंबर २०१६ रोजी संपली. 'दि बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ त्यांच्या पश्चात १९५७ साली प्रसिद्ध झाला, म्हणून त्याची मुदत एक वर्ष उशिरा, २०१७ अखेर संपली. इतर देशांत ही मुदत वेगळी असते. तसेच अलीकडच्या भाषांतरांवर, प्रस्तावनांवर आणि टिपांवर त्या-त्या लेखकांचा हक्क राहतोच.

महाराष्ट्र शासनाने १४ एप्रिल १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे इंग्रजी खंड काढले. वसंत मून यांनी संपादनासाठी हाडाची काडे केली. पहिल्याच खंडात 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' आहे, अकराव्या खंडात 'दि बुद्ध अँड हिज धम्म' आहे. हे खंड भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मोफत उतरवून घेता येतात. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब शिकले, त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरही हे दोन्ही ग्रंथ मोफत वाचता येतात. तेथे कार्ड लागत नाही, देशही कोणी विचारत नाही. मुदत संपली की ग्रंथ कोणालाही छापता येतो, त्यामुळे बाजारात घाईघाईने काढलेल्या आवृत्त्याही येतात. अभ्यासासाठी शासनाचा खंड प्रमाण धरावा. एनसीईआरटी आणि बालभारतीची पाठ्यपुस्तके, तसेच महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच मराठी पुस्तकेही त्यांच्या संकेतस्थळांवर मोफत मिळतात. स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी आधी तिकडे पाहावे आणि मगच खिशात हात घालावा.

आता परदेशातील बांधवांसाठी आणि इथल्या पालकांसाठी चार सूचना करतो.

१. कार्ड पाठवण्याआधी विचारा : वाचणारा कोणत्या देशात राहतो आणि त्याचे खाते कोणत्या देशाचे आहे? कार्ड त्याच देशातील दुकानाचे हवे. खात्री नसेल तर सरळ बहिणीच्या बँक खात्यावर पैसे पाठवा. इथे रुपयांत पुस्तक घेता येईल आणि उरलेले घरात उपयोगी पडतील.

२. परदेशी कार्ड आले तर घाईने नंबर कुठेही भरू नका. एकदा नंबर एखाद्या खात्यावर भरला की रक्कम त्या खात्याला चिकटते. न वापरलेला नंबर पाठवणाऱ्याला स्वतःला वापरता येतो. अमेरिकेच्या २००९ सालच्या कायद्याप्रमाणे गिफ्ट कार्डातील रक्कम किमान पाच वर्षे बुडत नाही, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही.

३. आपल्याकडील कार्डाची मुदत वाचा. बँका आणि परवानाधारक कंपन्या जी कार्डे काढतात, त्यांना रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या निर्देशांनी किमान एक वर्षाची मुदत आणि भेटकार्डासाठी दहा हजार रुपयांची कमाल मर्यादा घातली. फक्त स्वतःच्याच मालासाठी दुकानदाराने काढलेले कार्ड त्या नियमांत येत नाही. त्यावर जे छापले आहे ते नीट वाचा आणि पावती जपा.

४. कार्डाचा नंबर म्हणजे नोटांचे पुडके समजा. 'मी तुमचा साहेब बोलतोय, तातडीने गिफ्ट कार्डे घेऊन नंबर पाठवा,' असा निरोप आला तर तो भामटा समजावा. कोणतेही सरकारी खाते दंड किंवा कर गिफ्ट कार्डाने घेत नाही. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता, वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे.

त्या मायलेकींचे पुढे काय झाले, ते सांगून हा मजकूर संपवतो. आम्ही विहाराच्या पायरीवरूनच मामाला निरोप पाठवला. मामाने ते कार्ड स्वतःच्या घरखर्चाला वापरले आणि तेवढेच रुपये बहिणीच्या खात्यावर जमा केले. यादीतली दोन पुस्तके शासनाच्या खंडांतून मिळाली. एक कॉलेजच्या ग्रंथालयात निघाले. एकाची भारतीय आवृत्ती छापील घेतली. आणि जे पुस्तक इथे दिसतच नव्हते, त्याची छापील प्रत मामा पुढच्या खेपेला बॅगेतून घेऊन येणार आहे. परीक्षा त्याआधी आहे, ही रुखरुख राहिली. ती आम्हाला कोणत्याच नियमाने दूर करता आली नाही. पैसे मात्र उरले. त्यातून मुलीने परीक्षेचा फॉर्म भरला.

परवा ताई भेटल्या. म्हणाल्या, "दादा, मी पोरीला उगाच बोलले. मला काय ठावं, पुस्तकाला पण हद्द असते."

ताई, तुमची काही चूक नाही. ही हद्द शिकलेल्यांनाही दिसत नाही, इतक्या बारीक अक्षरात ती छापलेली असते. दरवर्षी ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर आपण पुस्तकांच्या स्टॉलपुढे उभे राहतो. गडचिरोलीचा असो की बंगळूरचा, लंडनहून आलेला असो की दुबईहून, तेथे कोणी कोणाला पत्ता विचारत नाही. पैसे द्यायचे, पुस्तक पिशवीत घालायचे, घरी जाऊन वाचायचे. ई-पुस्तकांच्या दुकानातही कधीतरी तसा दिवस येईल. तोवर आपण बारीक अक्षरे वाचायला शिकू या. आणि प्रत्येक विहारात एक कपाट, एक नोंदवही आणि एक जाणता माणूस असावा, म्हणजे कार्ड हातात घेऊन आलेली मुलगी रिकाम्या हाताने परत जाणार नाही.

जयभीम! जय भारत!